गार बाटली आणि ओली भिंत

2018 साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1’ या पाठ्यपुस्तकात ‘उष्णता’ या प्रकरणात दवबिंदू आणि आर्द्रता यांना चांगली जागा मिळाली आहे. गार बाटलीवर थेंब जमतात, विमानामागे पांढरा पट्टा उमटतो, ही उदाहरणे मुलांना भावतात. सूत्रेही नेटकी आहेत. आमची तक्रार निराळी आहे. कोकणातल्या ज्या वर्गात हा पाठ शिकवायचा, त्याच्याच भिंतीवर श्रावणात बुरशी चढलेली असते, आणि पाठ तिथवर पोचत नाही.

आधी एक विधान पाहू. सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांहून अधिक असली की हवा दमट वाटते, असे पुस्तक सांगते. पण तापमान किती? 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत फार तर 30 ग्रॅम बाष्प मावते, 10 अंशांना साडेनऊदेखील नाही. त्याच 60 टक्क्यांना एकीकडे 18 ग्रॅम, दुसरीकडे जेमतेम साडेपाच! नाशिकची थंडीतली पहाट 60 टक्क्यांवरही चिकट वाटत नाही. हा आकडा परीक्षेला सोयीचा, एवढेच.

आता भिंतीकडे वळू. जुलैतली किनाऱ्यावरची दुपार घ्या: हवा 28 अंश, आर्द्रता 85 टक्के. रात्री गार झालेली जाड भिंत अजून 26 अंशांवरच आहे. तिला लागून असलेली हवाही तेवढीच गार होते आणि तिथली आर्द्रता 95 टक्क्यांच्या घरात जाते. बुरशीला थेंब लागतच नाहीत. पृष्ठभागाशी 80 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता दीर्घकाळ टिकली, तरी तिचे भागते. बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे हवा हलत नाही, म्हणून पुस्तकांना पहिली बुरशी तिथे लागते. हे केवळ पुस्तकांचे नुकसान नव्हे. ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत नोंदवला आहे.

‘खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा’ हा नेहमीचा उपदेशही तपासायला हवा. वर्ग भरलेला असताना तो योग्यच. एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला 40-50 ग्रॅम पाणी हवेत जाते; पन्नास मुलांचे दोन लिटर झाले! शिवाय कार्बन डायऑक्साइड साठतो तो वेगळाच. पण रिकाम्या, गार खोलीत भर पावसाळी दुपारची हवा घेणे म्हणजे भिंतीला पाणी पाजणे. जुनी घरे कोरडी असत, असे उसासे टाकणाऱ्यांनी तिथल्या चुलीची ऊब आणि धूरही हिशेबात धरावा. त्या धुराने वासे टिकले, बायकांची फुप्फुसे नाही.

ओल हवेतून आली की भिंतीतून, हे न पाहता तैलरंग फासण्याची रीत तर आम्हांला मुळीच पटत नाही. भिंतीतले पाणी रंगामागे अडकते आणि पापुद्रे सुटतात. पाठात या जागी एक प्रयोग सहज बसला असता. वहीएवढा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा व दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडच्या बाजूस दव असेल, तर पाणी हवेतले. तुकड्यामागे असेल, तर गळतीचे किंवा जमिनीतून चढलेले. घामेजणाऱ्या फरशीवरही हाच तुकडा चालतो.