जुन्या सुरांची दिवाळी

पुण्यांतील दिवाळीला अलीकडच्या काळांत एक नवा आचार जडला आहे. अभ्यंगस्नान आटोपून, अंगाला उटण्याचा वास असतांनाच, मंडळी पहांटेच्या अंधारांत एखाद्या नाट्यगृहाची किंवा बागेची वाट धरतात, आणि तेथें गाणें ऐकून मग घरीं फराळाला परततात. ‘दिवाळी पहाट’ हें त्या आचाराचें नांव. ह्या पहांटे गायकानें काय गावें हें जणूं अगोदरच ठरलेलें असतें. एखादा राग झाला, एखादा अभंग झाला, कीं श्रोत्यांतून नाट्यपदांची मागणी सुरू होते. आणि पद जितकें जुनें तितक्या टाळ्या अधिक. सणाच्या दिवशीं मनुष्य वस्त्रें नवीं नेसतो पण गाणें जुनें मागतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जुन्याची ही ओढ रसिकतेची खूण मानावी कीं आळसाची, हा प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे. आणि त्याची नुसती तात्त्विक चर्चा न करतां एका प्रसिद्ध गीतसंग्रहाच्या आधारें तो तपासून पहावा असा विचार आहे.

तो संग्रह म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’ ह्या चित्रपटाचा. सुबोध भावे यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजीं, ऐन दिवाळीच्या पाडव्याला, प्रकाशित झाला. त्याचें मूळ पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें त्याच नांवाचें संगीत नाटक; तें १९६७ सालच्या डिसेंबरांत रंगभूमीवर आलें. नाटकाला संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें होतें, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनीं केली होती. चित्रपटासाठीं शंकर-एहसान-लॉय ह्या त्रयीनें अभिषेकींच्या कांहीं चाली राखल्या व त्यांच्या जोडीला आपल्या नव्या चाली घातल्या. पंडित भानुशंकरांची भूमिका शंकर महादेवन यांनीं स्वतःच केली व गायिली. खाँसाहेबांचा आवाज झाला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. आणि सदाशिवाचा आवाज झाला अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांचा. एका बाजूस रक्ताचा वारसा, दुसऱ्या बाजूस विद्येचा वारसा, आणि मध्यें मुंबईच्या चित्रपटसृष्टींत मुरलेले नवे संगीतकार, असा हा योग आहे. जुन्याचें पुनरुज्जीवन कोणीं करावें असें विचारलें, तर ह्याहून अधिक अधिकारी मंडळी शोधून सांपडणें कठीण.

परंतु ‘जुनें’ म्हणजे काय, हें आधीं ठरविलें पाहिजे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं, दिवाळीच्याच दिवसांत, पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, तेव्हां नटानेंच गावें व गातां गातां नाटक पुढें न्यावें ही गोष्ट प्रेक्षकांना अगदीं नवी होती. १९११ सालीं ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनीं चाली दिल्या, १९१६ सालीं ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनीं दिल्या, त्या वेळीं पूर्वीच्या साकी-दिंड्यांना सरावलेल्या कानांस त्याही नव्याच वाटल्या असल्या पाहिजेत. पुढें १९३२ सालीं मराठी बोलपट आला आणि संगीत नाटकाला ओहोटी लागली. त्या ओहोटीनंतर तीस वर्षांनीं अभिषेकी आले. १९६४ च्या ‘मत्स्यगंधे’पासून त्यांनीं नाट्यपदाचा फापटपसारा छाटला, त्याला आटोपशीर बांधा दिला, आणि शब्दांच्या अर्थाला सुरांत मान दिला. म्हणजे आज आम्ही ज्याला जुनें म्हणून कवटाळतों, तें आपापल्या काळीं कोणाचें तरी साहस होतें. जुनीं पदें जुनीं म्हणून टिकलीं नाहींत. तीं एके काळीं धीटपणें नवीं झालीं म्हणून टिकलीं. ही गोष्ट विसरून केलेली जुन्याची पूजा ही केवळ निर्माल्याची पूजा होय.

दुसरी एक गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जुन्या गाण्याची आमची जी आठवण, ती बहुतेक तबकड्यांची आठवण आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेंच गाणें मावे. नाट्यगृहांत जें पद वन्समोअर घेत घेत पाऊण तास चाले, तें तबकडीवर येतांना अर्क काढल्याप्रमाणें आटून येई. सुईची खरखर, ऑर्गनचा किंचित् दबलेला घोष, मागें तबल्याचा ठेका, आणि ह्या सर्वांवर तरंगणारा एकच कंठ, असा तो ध्वनि होता. साधनांच्या उणिवेंतून एक प्रकारचें सौंदर्य आपोआप जन्मास आलें : गायकाला लपावयास जागाच नव्हती. ‘कट्यार’चें मूळ नाटक तबकडीच्या ह्या काळानंतरचें असलें, तरी त्याच्या गाण्यांतही हाच उघडेपणा आहे. साथीला पेटी-ऑर्गन व तबला. बाकी सारा भार गळ्यावर.

आतां नव्या संग्रहाकडे वळूं. त्यांतील जुन्या पदांत आम्हांस सर्वांत समाधान दिलें तें ‘सुरत पिया की’ ह्या गीतानें. एकामागून एक राग पालटत जाणारें हें गाणें वसंतरावांनीं आपल्या तेजस्वी, बेदरकार गायकीनें असें कांहीं गाजविलें होतें, कीं त्यांच्यामागें तें गाण्यास कोणीही कचरावें. पुण्यांत लष्कराच्या हिशेबखात्यांत वर्षानुवर्षें नोकरी केलेला हा गवई. त्यानें अनेक घराण्यांच्या गुरूंची विद्या घेतली, दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याची वीज मनांत साठविली, आणि अखेर कोणत्याच घराण्याचें कुंपण मानलें नाहीं. राहुल देशपांडे यांनीं आजोबांची नक्कल करण्याचा मोह टाळला आहे, ही त्यांची पहिली शाबासकीची गोष्ट. आजोबांची तान कड्यावरून उडी घेतल्याप्रमाणें येई. नातवाची तान उडी घेण्यापूर्वीं तळ पाहून घेते. त्यांत थोडी वीज कमी झाली, पण गाणाऱ्याचा प्रामाणिकपणा राखला गेला. त्यांच्यासमोर महेश काळे यांचा धारदार, चपळ आवाज येतो, आणि दोन पिढ्यांचें नव्हे तर दोन स्वभावांचें हें द्वंद्व ऐकतांना श्रोता चित्र विसरतो. वारसा जिवंत असतो तो असा.

हेंच समाधान सर्व जुन्या पदांविषयीं व्यक्त करतां आलें असतें तर फार बरें झालें असतें. परंतु बऱ्याच ठिकाणीं संगीतकारांनीं ह्या पदांच्या भोंवतीं तंतुवाद्यांच्या समूहाचा आणि घुमणाऱ्या नादाचा एवढा मोठा मंडप उभारला आहे, कीं आंतील मूर्ति लहान दिसूं लागते. आमचा आक्षेप वाद्यांच्या परकेपणास नाहीं. पेटी आणि ऑर्गन हीं तरी कोठें आमचीं होतीं? परदेशांतून आलेल्या त्या वाद्यांना आमच्या नाटकवाल्यांनीं असें आपलेंसें केलें, कीं आज त्यांच्याच सुराला आम्ही अस्सल मराठी म्हणतों. आक्षेप आहे तो अर्थाचा. ह्या नाटकाचें बीज दोन गायकींच्या झगड्यांत आहे. ‘घेई छंद मकरंद’ हें एकच पद नाटकांत दोन निराळ्या चालींत येतें. एक पंडितजींच्या वळणाची, दुसरी खाँसाहेबांच्या. शब्द तेच, पण एके ठिकाणीं भ्रमर फुलावर अलगद टेकतो, तर दुसऱ्या ठिकाणीं तो फुलाला झडप घालतो. दोन घराण्यांतील अंतर समजावून सांगावयास दारव्हेकरांना पानभर संवाद लिहावे लागले असते. अभिषेकींनीं तें दोन चालींत सांगितलें. हा भेद कानाला स्पष्ट व्हावयाचा तर दोन्ही चालींच्या मागें मोकळी जागा हवी. दोहोंच्या पाठीशीं एकाच जातीचा भरजरी पडदा सोडला म्हणजे दोघेही गवई एकाच दरबारांतले वाटूं लागतात, आणि ज्या भांडणावर नाटक उभें आहे त्याची धार बोथट होते.

नव्या गीतांची गोष्ट निराळी. ‘सूर निरागस हो’ ही गणेशवंदना सरळ, प्रसन्न आणि सहज ओठांवर बसणारी आहे. चित्रपट दिवाळीचा असूनही ती पुढें गणेशोत्सवांतच अधिक रुळली, हें तिच्या गुणाला साजेसेंच झालें. ‘यार इलाही’ ही कव्वाली रंगतदार आहे, परंतु ती विश्रामपूरच्या दरबारापेक्षां हिंदी चित्रपटाच्या मंचावर अधिक शोभली असती. ‘मनमंदिरा’ गोड आहे. मात्र तिची गोडी श्रोत्याला कांहीं नवें न देतां त्याच्या जवळचेंच त्याला परत देते. ह्या सर्वांहून ‘अरुणि किरणी’ निराळें उठून दिसतें. चाल नवी, वाद्यमेळ नवा, परंतु गायकाकडून तिनें मागितलेली किंमत जुनीच आहे : दमसांस, तालावरचें प्रभुत्व, आणि स्वरांच्या दाट गर्दींतून शब्द सुखरूप बाहेर काढण्याची शक्ति. महेश काळे यांनीं ती किंमत पुरेपूर मोजली, आणि ह्याच गीतासाठीं त्यांस २०१५ चें उत्कृष्ट पार्श्वगायकाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. येथें एक मौज दिसते. संग्रहांतील सर्वांत ‘जुनें’ वाटणारें नवें गीत हेंच. आणि तें जुनें वाटतें तें कोणत्याही जुन्या चालीची आठवण करून देतें म्हणून नव्हे, तर जुन्या गवयांप्रमाणें तें जोखीम पत्करतें म्हणून.

ह्यावर कोणी म्हणेल कीं हा काथ्याकूट कशाला? ज्या तरुणांनीं संगीत नाटकाचें तिकीट आयुष्यांत कधीं काढलें नसतें, ते ह्या संग्रहामुळें नाट्यपदें गुणगुणूं लागले. भरजरी पडद्याशिवाय ते आलेच नसते. हा युक्तिवाद खोटा नाहीं. राहुल देशपांडे यांनीं चित्रपटापूर्वींच, २०१० सालीं, हें नाटक पुन्हा रंगभूमीवर आणलें होतें. परंतु नाट्यगृहाच्या भिंतींना मर्यादा असते, आणि चित्रपटानें ती क्षणांत ओलांडली हें मान्य केलेंच पाहिजे. ज्या मुलानें प्रथम हा संग्रह ऐकला आणि मग वसंतरावांचें मूळ ध्वनिमुद्रण शोधून काढलें, त्याच्यापुरते तरी संगीतकारांचे सारे अपराध माफ आहेत. मात्र दार आणि घर ह्यांतला भेद विसरूं नये. दार कितीही नक्षीदार असलें तरी तें आंत जाण्यासाठीं असतें. पहांटेच्या मैफलीला येऊन, ठराविक चार पदें ऐकून, ‘पूर्वीचें तें आतां राहिलें नाहीं’ असा सुस्कारा टाकून जो घरीं जातो, तो दारांतच बसून राहिला.

आम्हांस वाटणारी खरी चिंता ही आहे. आज जुन्याला श्रोते आहेत, गाणारे आहेत, त्यासाठीं द्रव्य खर्च करणारेही आहेत. परंतु नव्या नाट्यपदाला, मुद्दाम नव्या संगीत नाटकासाठीं बांधलेल्या चालीला, तसा आश्रय आहे काय? १९६७ सालच्या श्रोत्यांनीं जर ‘आम्हांस बालगंधर्वांचीच पदें हवींत’ असा हट्ट धरला असता, तर ‘कट्यार’ जन्मलीच नसती, आणि २०१५ सालच्या पाडव्याला पुनरुज्जीवित करावयास कांहींच उरलें नसतें. प्रत्येक पिढी मागल्या पिढीच्या कोठारांतलें धान्य खाते. परंतु त्यांतलें बियाणें जी राखून ठेवीत नाहीं, ती पुढल्या पिढीला उपाशी ठेवते. ह्या संग्रहांत असें बियाणें थोडें कां होईना आहे, आणि तें ‘सुरत पिया की’च्या द्वंद्वांत व ‘अरुणि किरणी’च्या धाडसांत सांपडतें. बाकीचा भाग सणाच्या पक्वान्नासारखा आहे; तो आनंदानें चाखावा, पण त्यालाच रोजचें अन्न मानूं नये.

तेव्हां पुढल्या दिवाळीच्या पहांटे जुनीं पदें अवश्य मागावींत. मात्र तीं मागून झाल्यावर समोरच्या गायकाला एवढेंच म्हणावें कीं, आतां तुमचें स्वतःचें एक होऊं द्या. कदाचित् तो गोंधळेल, कदाचित् तें पद पडेलही. पण दारव्हेकर, अभिषेकी आणि वसंतराव ह्यांच्या स्मृतीला खरा मान द्यावयाचा तो अशाच मागणीनें देतां येईल.