चेंडूपलीकडचं बोला

11 मार्च 2023 च्या शनिवारी रात्री बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ मुका दाखवला गेला. सूत्रसंचालक गॅरी लिनेकर यांनी ब्रिटिश सरकारच्या निर्वासितविषयक धोरणावर समाजमाध्यमातून टीका केली होती. बीबीसीने त्यांना घरी बसवलं, तेव्हा विश्लेषक इयन राइट आणि अ‍ॅलन शिअरर यांनीही अंग काढून घेतलं आणि मागोमाग समालोचकांनीही. मग सूत्रसंचालन नाही, विश्लेषण नाही, समालोचन नाही, नुसती वीस मिनिटांची क्षणचित्रं आणि मागे प्रेक्षकांचा गलका. हा कार्यक्रम सुमारे 25 लाख 80 हजार लोकांनी पाहिला, आधीच्या आठवड्यापेक्षा जवळजवळ पाच लाख जास्त. ‘यांच्यावाचून काही अडत नाही’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. बहुतेकांनी तो गंमत म्हणून लावला असणार, तेव्हा एवढ्यावर निकाल देणं उतावळेपणाचं ठरेल. तरी प्रश्न रास्तच आहे. सामन्याआधी तासभर, मध्यंतरात आणि नंतर पुन्हा तासभर बोलणारी ही माणसं आपल्याला नेमकं देतात काय?

माझं माप साधं आहे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. बावीस जणांपैकी बरेच जण कोणत्याही क्षणी चौकटीबाहेर असतात. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला वेळ तो कुठे उभा राहतो, कोणाला ओढून नेतो, कोणती वाट बंद करतो यावर सामना ठरतो. घरी बसलेल्याला हे दिसत नाही. ते जो दाखवतो तो विश्लेषक. पडद्यावर दिसलेलंच पुन्हा सांगतो त्याला दुसरं काहीही म्हणा. या मापाने पाहिलं तर गेल्या तीस वर्षांत इंग्लिश फुटबॉलच्या प्रक्षेपणात साधनं अफाट सुधारली, काही माणसं अव्वल निघाली, आणि एकूण बडबडीचा दर्जा मात्र घसरला.

आधी समालोचन घेऊ, कारण ती वेगळी कला आहे. ‘मॅच ऑफ द डे’ 22 ऑगस्ट 1964 ला लिव्हरपूल-आर्सेनल सामन्याने सुरू झाला तेव्हा माइकवर केनेथ वोल्स्टनहोम होते. रेडिओवर सगळंच सांगावं लागतं. टीव्हीवर काय सांगू नये हे कळावं लागतं. ही समज सर्वांत जास्त होती ती बॅरी डेव्हिस यांच्याकडे. 1986 च्या विश्वचषकात मॅराडोनाने हाताने मारलेला गोल त्यांच्या नजरेतून निसटला. इंग्लंडचे खेळाडू ऑफसाइडची दाद मागताहेत असं त्यांना आधी वाटलं. चार मिनिटांनी त्याच मॅराडोनाने अर्धं मैदान पार करून दुसरा गोल केला, तेव्हा डेव्हिस यांनी इंग्रज असूनही हा खेळ उत्तम म्हणावाच लागेल अशा आशयाचं वाक्य उच्चारलं. नाराजी आणि दाद दोन्ही त्यात आली. जॉन मॉटसन यांचा पिंड निराळा. आकडे, योगायोग, कोण कितव्यांदा कुठे खेळतोय याची जंत्री. हे पुष्कळांना आवडायचं. मला त्यांच्या आवाजातलं कुतूहल आवडायचं, जंत्री नाही.

13 मे 2012. मँचेस्टर सिटीला विजेतेपदासाठी एक गोल हवा, सामना संपायला क्षण उरलेले. अ‍ॅग्वेरोने चेंडू जाळ्यात मारला आणि मार्टिन टायलर यांनी त्याचं नाव फुटक्या आवाजात लांबवलं. मग ते गप्प राहिले. काही सेकंद नुसतं स्टेडियम ऐकू आलं. ते नाव आज सगळ्यांच्या तोंडी आहे, पण कसब त्यानंतरच्या गप्प बसण्यात होतं.

2023 मध्ये स्काय वाहिनीवर टायलर यांच्या जागी पीटर ड्ररी आले. एप्रिल 2018 मध्ये रोमाने बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, त्या रात्री रोम, भग्नावशेष आणि निर्णायक गोल करणारा ‘ग्रीक देव’ मानोलास यांची त्यांनी घातलेली सांगड जगभर फिरली. ड्ररी यांचा अभ्यास मोठा, आवाज सुंदर. पण प्रत्येक गोलाला महाकाव्याचा दर्जा दिला की महाकाव्य स्वस्त होतं. घरून बांधून आणलेलं वाक्य कधी सोडायचं याची वाट पाहणारा समालोचक मैदानाकडे पूर्ण लक्ष कसं देणार? तरुण समालोचक आता सर्रास त्यांची नक्कल करतात. त्यात ड्ररींचा अभ्यास नसतो, नुसता गहिवर असतो.

आता स्टुडिओ. तिथली भांडणं नवी नाहीत. 1970 च्या विश्वचषकासाठी आयटीव्ही वाहिनीने माल्कम अ‍ॅलिसन, डेरेक डुगन, पॅट क्रेरंड आणि बॉब मॅकनॅब यांना एकत्र बसवलं, आणि त्यांच्या खडाजंगीने लोकांना वेड लावलं. म्हणजे ‘पूर्वी सगळे विद्वान होते’ हे रडगाणं खोटं. पण पुढे नव्वदच्या दशकात अ‍ॅलन हॅन्सन यांनी दुसरी वाट पाडली. लिव्हरपूलचा हा माजी बचावपटू चित्र गोठवायचा आणि फळीतली फट दाखवायचा: याने याच्याकडे पाहायला हवं होतं, तो दोन पावलं मागे राहिला. ऑगस्ट 1995 मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने मँचेस्टर युनायटेडला 3-1 हरवल्यावर पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही असं ते म्हणाले, आणि त्याच पोरांनी त्या मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. लोक त्यांना तेवढ्यासाठीच लक्षात ठेवतात. हा अन्याय आहे. भाकीत चुकणं हा विश्लेषकाचा मोठा दोष नव्हेच.

2011 च्या जानेवारीत स्कायचे अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज एका महिला सहायक पंचाविषयी केलेल्या हलक्या शेरेबाजीमुळे गेले, आणि त्याच वर्षी गॅरी नेव्हिल आले. 2013 मध्ये जेमी कॅरागर. त्यांच्या ‘मंडे नाइट फुटबॉल’ने या कलेचं शिखर गाठलं असं मी म्हणेन. फुलबॅकने शरीर कोणत्या बाजूला वळवून उभं राहायचं, विंगर आत वळला की त्याची मोकळी जागा कोणी भरायची, हे दोघे पडद्यासमोर उभं राहून पंधरा-पंधरा मिनिटं सांगत. थिअरी ऑन्री यांनी स्कायवरच बार्सिलोनातला एक किस्सा सांगितला. डावी बाजू धरून राहायचं सोडून ते दुसरीकडे खेळायला गेले, गोलही केला, आणि मध्यंतरात प्रशिक्षक ग्वार्डिओलांनी त्यांना बाहेर बसवलं. चेंडू शेवटच्या टप्प्यात पोचेपर्यंत आपापली जागा सोडायची नाही, मग काय हवं ते करा. गोल करणारा चुकला होता हे कोणता कॅमेरा दाखवणार?

नेव्हिल डिसेंबर 2015 मध्ये व्हॅलेन्सियाचे प्रशिक्षक झाले आणि मार्चअखेर त्यांना नारळ मिळाला. तेव्हा टीव्हीवरचं शहाणपण मैदानात चालत नाही म्हणून खूप टिंगल झाली. मला ती पटली नाही. दुसऱ्याच्या घोटाळ्याचं कारण सांगणं आणि परक्या भाषेतल्या पंचवीस जणांना घोटाळ्यापासून वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मग बिघडलं कुठे? पहिलं कारण वेळ. सोमवारी एकच सामना असतो, म्हणून पंधरा मिनिटं मिळतात. रविवारी मुलाखती, जाहिराती आणि पुढच्या सामन्याच्या घाईत विश्लेषणाला चिमूटभर जागा उरते, तीही बहुतेकदा व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओवरून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, खाल्लेली. 2019 मध्ये प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर आल्यापासून सामना कसा जिंकला यापेक्षा पेनल्टी होती की नव्हती यावर जास्त बोललं जातं. त्यासाठी माजी पंचही नेमले आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण मैदानावरच्या सहकाऱ्याची बाजू सावरण्यात रमतात.

दुसरं कारण पैसा. प्रीमियर लीगच्या ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे 2025 पासूनच्या चार मोसमांचे हक्क 6.7 अब्ज पौंडांना गेले. एवढी रक्कम ओतून सामना कंटाळवाणा झाला असं स्वतःच्या पडद्यावर कोण म्हणेल? तिसरं कारण मोबाइल. रॉय कीन भडकले की चाळीस सेकंदांचा तुकडा रात्रीत लाखोंपर्यंत पोचतो. बचावफळीचं चित्र तसं फिरत नाही. कीन हुशार आहेत, मध्यमैदान त्यांच्याइतकं थोड्यांना कळतं. पण त्यांच्याकडून रागच मागितला जातो आणि तेही तो मागणीबरहुकूम पुरवतात. मार्च 2019 मध्ये युनायटेडने पॅरिसला हरवलं आणि कीन यांचे जुने सहकारी रिओ फर्डिनंड यांनी हंगामी प्रशिक्षक सोल्शायरला करार देऊन टाका, आकडा त्यालाच लिहू द्या, असं थेट कार्यक्रमात सांगितलं. नेमणूक झाली, नोव्हेंबर 2021 मध्ये त्याला काढलं. मार्चमधल्या त्या रात्री स्टुडिओत विश्लेषक नव्हता, मानधन घेणारा चाहता होता.

चौथी गोष्ट कोणी हेतूने करत नाही, म्हणून जास्त चिवट आहे. 2020 मध्ये रनरिपीट या संस्थेने इंग्लंडमधल्या खेळाडूंच्या संघटनेच्या साथीने चार युरोपीय लीगमधल्या 80 सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं. शारीरिक ताकदीचा उल्लेख सावळ्या-काळ्या खेळाडूंबाबत होण्याची शक्यता साडेसहा पट जास्त निघाली, तर बुद्धीची स्तुती बहुतांशी गोऱ्यांच्या वाट्याला आली. जिथे निरीक्षण संपतं तिथे असा साचा शिरतो. ‘जिद्द’, ‘पॅशन’, ‘कॅरॅक्टर’ हे शब्द त्याच कारखान्यातले.

याउलट 2021 च्या उन्हाळ्यात युरो स्पर्धेत एमा हेझ आयटीव्हीवर बोलल्या. त्या वेळी त्या चेल्सीच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या. बदली खेळाडू येताच रचना कशी बदलली आणि आता फट कुठे पडेल, हे त्या घडण्याआधी सांगत. पुरुषांचा एकही विश्वचषक न खेळता. जॅकी ओटली यांनी 2007 मध्ये ‘मॅच ऑफ द डे’वर पहिल्यांदा समालोचन केलं तेव्हा बाईला काय कळतं म्हणणारे कमी नव्हते. आज ‘माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू’ हे बिरुद कोणालाही खुर्ची मिळवून देतं, मग त्याने आठवडाभरात एकही सामना नीट पाहिला नसला तरी चालतं.

आपल्याकडे हा खेळ टीव्हीवर समजून घेणाऱ्या एका पिढीचे गुरू सिंगापूरच्या स्टुडिओत बसत: जॉन डाइक्स, स्टीव्ह मॅकमॅहन, मलेशियाचे शेबी सिंग. पण भारतीय फुटबॉलचा खरा आवाज नोव्ही कपाडियांचा. दिल्लीत इंग्रजी शिकवणारा हा प्राध्यापक 2021 मध्ये गेला. पंधरा वर्षांपूर्वीच्या ड्युरंड स्पर्धेतला एखादा डिफेंडर त्यांना त्याच्या गावासकट आठवायचा.

मराठीत क्रिकेटच्या समालोचनाची भाषा बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर घडवली. फुटबॉलला असा माणूस मिळाला नाही. इंडियन सुपर लीगला (आयएसएल) समालोचक शैजू दामोदरन यांच्यामुळे मल्याळममध्ये घराघरांत जागा मिळाली. कतारचा 2022 चा विश्वचषक हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगालीत ऐकता आला, मराठीत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणावं तर कोल्हापूर आहे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून अख्खं मैदान एका नजरेत दिसतं, आणि लेफ्ट बॅक परत येत नाही हे तिथला म्हातारा दर्दी दहाव्या मिनिटाला ओळखतो. एखाद्या वाहिनीने अशा दोघांना हेडफोन लावून बसवून पाहावं. अट एकच, ‘पॅशन’ हा शब्द उच्चारला की मानधनातून शंभर रुपये कापायचे.