तालीम किती झाली?

जुने रॉक बँड पुन्हा एकत्र यावेत की नाही, या वादात गेल्या तीस वर्षांत नवा मुद्दा आलेला नाही. एक पक्ष म्हणतो, झाले ते छान झाले, आता म्हातारपणी येऊन आमच्या आठवणी नासवू नका. दुसरा म्हणतो, आम्ही जन्मलोच उशिरा, आम्हाला एकदा तरी डोळ्यांनी पाहू द्या. तिसरा पक्ष कुत्सित हसतो आणि पैशाचा आकडा पुढे करतो. तिघांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे आणि तिघेही संगीताबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाहीत. गाणी कोणत्या पट्टीत झाली, लय धरली गेली का, वादक एकमेकांचे ऐकत होते की आपापले पाठांतर म्हणत होते, हे प्रश्न बाजूलाच राहतात. निकाल मात्र तिथेच लागतो.

लेड झेपेलिनचे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. त्यांचा ड्रमर जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेला आणि त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड संपल्याचे जाहीर केले. दुसरा ड्रमर आणून गाडा पुढे हाकणे अवघड नव्हते. कीथ मूनच्या मृत्यूनंतर ‘द हू’ने तेच केले होते. पाच वर्षांनी, १३ जुलै १९८५ रोजी, हे तिघे ‘लाइव्ह एड’साठी फिलाडेल्फियाच्या मंचावर आले. ड्रम्सवर दोघे जण होते, टोनी थॉम्प्सन आणि फिल कॉलिन्स. कॉलिन्स तर त्याच दिवशी लंडनच्या वेम्बलीत वाजवून, कॉन्कॉर्डने अटलांटिक ओलांडून आलेला. तालीम नावापुरती झालेली. जिमी पेजची गिटार सुरात नव्हती, रॉबर्ट प्लँटचा आवाज बसलेला, आणि दोन ड्रमर एकमेकांना सांभाळून घेण्यातच गुंतलेले. कशीबशी तीन गाणी झाली. २००४ साली ‘लाइव्ह एड’ची डीव्हीडी निघाली, तेव्हा बँडने आपला भाग त्यात घालू दिला नाही. स्वतःच्या कामाविषयी कलावंताने दिलेला याहून स्पष्ट अभिप्राय कोणता?

दुसरा प्रयोग १० डिसेंबर २००७ चा, लंडनच्या ओटू अरेनातला. अटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमत एर्टेगन यांच्या स्मरणार्थ एकच रात्र. तिकिटांसाठी दोन कोटी अर्ज आले असे सांगतात. जागा होत्या वीस हजारांच्या आत. माणसे तीच तिघे, वयाने बावीस वर्षांनी मोठी. पेज त्रेसष्ट, जॉन पॉल जोन्स एकसष्ट, प्लँट एकोणसाठ. ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन. वय हाच दोष असता तर ही रात्र १९८५ पेक्षा वाईट व्हायला हवी होती. पण या वेळी नीट तालमी झाल्या होत्या. पेजचे बोट मोडले म्हणून कार्यक्रम दोन आठवडे पुढे ढकलला, घाईने उरकला नाही. बरीच गाणी मूळ पट्टीच्या खाली उतरवली, त्यामुळे प्लँटला विशीतल्या किंकाळ्यांची नक्कल करावी लागली नाही. आणि सोळा गाण्यांत ‘फॉर युवर लाइफ’ हे १९७६ चे गाणे होते, जे बँडने त्याआधी कधीच मंचावर वाजवले नव्हते. नुसती आठवणींची उजळणी करायची असती, तर हे गाणे निवडायचे कारण नव्हते.

या मैफलीच्या ‘सेलिब्रेशन डे’ या चित्रपटात ‘कश्मीर’ जरूर ऐका. या गाण्यात गिटारची ओळ तीनच्या हिशेबाने चढत जाते आणि खाली ड्रम्स चारच्या हिशेबाने चालतात. बारा मात्रांनी दोघे समेवर भेटतात. रचना अशी की ड्रमर जरा जरी बिचकला तरी वरचा सगळा डोलारा डुगडुगतो. जेसनने तिथे वडिलांची ठेवण धरली आहे, ठोका किंचित मागे आणि वजनदार, पण पाठ केल्यासारखा नाही. त्याची नजर सतत पेज आणि जोन्सवर आहे. ते तिघेही ड्रम्सच्या जवळ गोळा होऊन वाजवतात. भव्य मंच मोकळा पडलेला असतो आणि चार माणसे एखाद्या तालमीच्या खोलीत असावीत तशी दाटीवाटीने उभी असतात. बँड जिवंत असल्याची खूण मी यात पाहतो.

त्यानंतर सगळ्या जगाने दौरा मागितला. पेज, जोन्स आणि जेसन यांनी २००८ मध्ये दुसरे गायक घेऊन तालमी करून पाहिल्या आणि सोडून दिल्या. प्लँटने नकार दिला म्हणून चाहत्यांनी त्याला आजवर माफ केलेले नाही. माझ्या मते त्या वादात शहाणा तोच होता. त्या काळात तो ॲलिसन क्राउसबरोबर ‘रेझिंग सँड’मधली गाणी गात होता, हळुवार, खालच्या सुरात, स्वतःच्या वयाच्या आवाजात. २००९ मध्ये त्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. साठीचा गायक पुढे जात होता आणि चाहते त्याला चोविसाव्या वर्षात परत ओढत होते.

इथे आपल्या कानाची आणि रॉकच्या कानाची जातकुळी वेगळी पडते. मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या घरात गात होते आणि त्यांच्या आवाजाला कंप आला म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. राग दर मैफलीत नव्याने उभा राहतो. गवयाचा श्वास आखूड झाला तर तो तान आखूड करतो, जागा बदलतो, आणि ऐकणारा त्यालाही दाद देतो. रॉकमध्ये मात्र मूळ रचना म्हणजे ध्वनिमुद्रिका. एकदा तबकडीत कोरलेला गिटारचा तुकडा श्रोत्याला सुरासुराने पाठ असतो आणि त्याला तो तसाच हवा असतो. वादकाचे वय वाढते, तबकडीचे वाढत नाही. त्यामुळे पुन्हा जमलेला बँड स्वतःच्याच तरुण रूपाशी स्पर्धा करतो आणि ती बहुधा हरतो. मग आधार घेतले जातात: शब्द दाखवणारा पडदा, वरचे सूर सांभाळायला मागे उभे केलेले गायक, आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेले थर. यातले काहीच गुन्हा नाही. लपवले की मात्र खटकते.

जेनेसिसने लपवले नाही, हे मला आवडले. २०२१-२२ च्या निरोपाच्या दौऱ्यात फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, कारण त्याला नीट उभे राहता येत नव्हते. ड्रम्सवर त्याचा मुलगा निक होता, कारण बापाचे हात आता काठ्या धरू शकत नव्हते. आवाज थकलेला होता आणि थकलेलाच ऐकू येत होता.

पैशाचा मुद्दा झटपट संपवू, कारण त्यात गूढ काही नाही. ईगल्स १९९४ मध्ये परत आले तेव्हा त्यांनी शंभर डॉलरच्या वरची तिकिटे लावली. तेव्हा बोंब झाली, आज तो दर स्वस्त वाटतो. सेक्स पिस्टल्सनी तर १९९६ च्या दौऱ्याचे नावच हरामाच्या पैशावर बेतले आणि वाद मिटवून टाकला. ओएसिसच्या २०२५ च्या मैफलींसाठी लोक रांगेत असतानाच १४८ पौंडांचे तिकीट ३५५ पौंडांवर गेले, आणि ब्रिटनमध्ये त्याची सरकारी चौकशी झाली. ध्वनिमुद्रिका विकून मिळणारी कमाई आटली, मंचावरची वाढली. पेन्शन आता मंचावरच मिळते. ‘द पोलीस’ या बँडचा २००७-०८ चा दौरा तुफान चालला, पण तिघांनी मिळून एकही नवे गाणे केले नाही. व्हँकुव्हरच्या सुरुवातीच्या कार्यक्रमानंतर खुद्द ड्रमर स्टुअर्ट कोपलंडने जाहीरपणे लिहिले की आम्ही भिकार वाजवले, आणि कोण कुठे चुकला तेही सांगितले. इतके चांगले परीक्षण त्या दौऱ्याचे दुसऱ्या कुणी केले नाही.

पुन्हा एकत्र येण्याचा अर्थ मुंबईत निराळा होतो. पेज आणि प्लँट १९७२ मध्ये इथे आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ध्वनिमुद्रित केली. ती मुद्रणे २०१५ साली ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आली. पण झेपेलिनची पूर्ण मैफल मुंबईला कधी मिळाली नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडची पोरे परदेशातून कुणी आणलेल्या तबकडीवरून कॅसेट भरून घ्यायची, आणि मंचावर पाहायचे ते धोबी तलावच्या रंगभवनात इथलेच बँड. त्यामुळे इकडच्या श्रोत्याची आठवण नासण्याचा प्रश्नच नसतो. त्याच्या आठवणीत मैफल नाहीच, कॅसेट आहे. लंडनकर ज्याला पुनर्मीलन म्हणतो, ती त्याच्यासाठी पहिली भेट. गन्स एन’ रोझेस हे त्याचे चोख उदाहरण. डिसेंबर २०१२ मध्ये ॲक्सल रोझ या नावाखाली मुंबईत येऊन गेला तेव्हा सोबत जुना गिटारवादक स्लॅश नव्हता. १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर स्लॅश आणि डफ मॅकेगन दोघेही होते. ॲक्सल त्रेसष्ट वर्षांचा झालेला आणि वरचे सूर बरेचसे फाटलेले. पण स्लॅशची गिटार आणि डफचा बेस एकत्र सुरू झाले की गाणे जागेवर बसते. आवाज गेला तरी बँड उरतो. वादकांतला मेळ गेला की नुसते नाव उरते.

याचा दाखला म्हणून ब्लॅक सॅबथकडे पाहावे. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या कामगार वस्तीतली ही चार मुले. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोप्या केल्या आणि पुढे तारा ढिल्या सोडल्या. तो जड, खालचा आवाज असा घडत गेला. पण त्या जडपणाखाली बिल वॉर्डच्या ड्रम्सची चाल जॅझची, सैल आणि डुलणारी होती. २०१२ नंतरच्या पुनर्मीलनात कराराच्या वादावरून वॉर्ड बाहेर राहिला. त्याच्या जागी आलेले ड्रमर उत्तम होते, ठोका घड्याळासारखा, आणि सगळे कसे नीटनेटके झाले होते. ‘१३’ हा अल्बम ऐकताना मला नेमका हाच नीटनेटकेपणा डाचतो.

५ जुलै २०२५ रोजी व्हिला पार्कवर, म्हणजे त्याच ॲस्टनमध्ये, मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र उभे राहिले. उभे सगळे नव्हते. पार्किन्सनने जखडलेला ऑझी ऑझबॉर्न सिंहासनासारख्या काळ्या खुर्चीत बसून गायला. दिवसभर मेटालिकापासून स्लेयरपर्यंत सगळ्यांनी हजेरी लावली, उत्पन्न धर्मादाय कामांना गेले. शेवटी सॅबथची चार गाणी झाली. काटेकोर कानाने ऐकले तर ऑझीचा सूर अनेक ठिकाणी घसरतो, आणि सत्त्याहत्तर वर्षांचा वॉर्ड काही ठिकाणी मागे राहतो. पण ‘वॉर पिग्ज’मध्ये गिटार थांबते आणि मधली मोकळी जागा गायक आणि ड्रम्स भरतात, तिथे ती जुनी डुलणारी चाल परत ऐकू येते. आधीच्या सगळ्या सफाईदार दौऱ्यांत ती नव्हती. सतरा दिवसांनी ऑझी गेला. एकत्र येण्याविरुद्धचे सगळे आक्षेप या चार गाण्यांपुढे मला फिके वाटतात. हेच वर्षभर शंभर शहरांत फिरवले असते तर मीही विरोधी पक्षात बसलो असतो.

पिंक फ्लॉइडने हे वेळीच ओळखले. २ जुलै २००५ ला हाइड पार्कमध्ये चौघे चोवीस वर्षांनी एकत्र वाजले, पुढच्या दौऱ्यासाठी देऊ केलेली प्रचंड रक्कम डेव्हिड गिल्मरने नाकारली, आणि २००८ मध्ये रिचर्ड राइटच्या मृत्यूने विषय संपला. राइटच्या ऑर्गनविना फ्लॉइड म्हणजे काय, या प्रश्नात बँडमधल्या वॉटर्स-गिल्मर भांडणाच्या खमंग चर्चेत रमलेल्यांनी कधी फारसा रस दाखवलेला नाही.

दुसरे टोक पाट्यांचे. फॉरेनरच्या कार्यक्रमांत कित्येकदा मूळ बँडमधला एकही माणूस मंचावर नसतो. लिनर्ड स्किनर्डचा शेवटचा मूळ सदस्य २०२३ मध्ये गेला, पाटी चालूच आहे. आब्बा तर २०२२ पासून लंडनमध्ये आपल्या तरुण प्रतिमा नाचवतो, आणि किसने २०२३ मध्ये शेवटच्या मैफलीतच तसल्या प्रतिमांची घोषणा केली. आब्बाच्या प्रतिमांमागे निदान खरे वादक बसून वाजवतात. पाचगणीच्या शाळेत पहिला बँड जमवलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या मागे क्वीनने ॲडम लॅम्बर्टला घेतले, आणि नावापुढे त्याचे नाव वेगळे लिहिले. हा साधा सभ्यपणा इतरांनी शिकायला हरकत नाही.

ड्रमर नील पर्ट २०२० मध्ये गेल्यावर रश संपला असेच सगळ्यांनी धरले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन यांनी ॲनिका निलेस या जर्मन ड्रमरला घेऊन २०२६ चा दौरा जाहीर केला. पर्टच्या जागी कुणीही बसूच नये, असे म्हणणाऱ्या चाहत्यांची मला कीव येते. वाजवून तर दाखवू द्या. आणि झेपेलिनसाठी अजून देव पाण्यात घालून बसलेल्यांना एकच विनंती: सत्त्याहत्तराव्या वर्षी प्लँटने ‘सेव्हिंग ग्रेस’ नावाचा अल्बम काढला आहे, त्याच नावाच्या लहानशा इंग्लिश बँडबरोबर. आधी तो ऐका.