क्षरणाचा धडा पाण्यापाशीच का थांबतो?

बालभारतीने २०१८ साली दहावीसाठी काढलेल्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग १ मध्ये 'धातुविज्ञान' हा धडा आहे. त्यातील क्षरणाचा भाग नेटका आहे. जस्ताचा मुलामा, कल्हई, विद्युत विलेपन, संमिश्रीकरण हे उपाय त्यात येतात. आमची तक्रार उपायांबद्दल नाही. गंजायला पाणी लागतेच आणि क्रोमिअम घातले की पोलाद निर्धास्त, असा जो समज विद्यार्थ्याच्या मनात उरतो, त्याबद्दल आहे.

धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकाला हा समज तपासायला लांब जायला नको. ढोकीसारख्या गावी साखर कारखाना परिचयाचाच असतो. वीज निर्माण करणाऱ्या कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस जळते व वाफ ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली जाते. तेथील नळ्यांच्या बाहेरच्या अंगाला द्रव पाण्याचा थेंबही टिकणार नाही. तरी धातू झिजू शकतो, कारण राखेत पोटॅशिअम व क्लोरीन असतात. पोटॅशिअम क्लोराइड एकटे ७७० अंशांना वितळते. मीठ मिसळले की मिश्रण सुमारे ६५७ अंशांनाच पातळ होऊ शकते. नळीच्या लोखंडापासून बनलेले क्लोराइड त्यात मिसळले, तर ३५५ अंशांच्या आसपासही! शिवाय क्रोमिअमच्या ऑक्साइडचा जो पापुद्रा पोलादाला राखतो, त्याचेच हे क्षार क्रोमेट करून टाकतात. (रस काढताना बगॅसमधील बरेच क्षार धुऊन जातात. पाचट जाळताना ही सोय नाही.)

वितळलेल्या फ्लोराइडमध्ये तर असा पापुद्रा टिकतच नाही. क्रोमिअमचे फ्लोराइड लोखंड व निकेलच्या फ्लोराइडांपेक्षा अधिक स्थिर असल्याने मिश्रधातूतून आधी क्रोमिअमच निघून जाते. म्हणून अमेरिकेतील ओक रिज येथे १९६५ ते १९६९ या काळात चाललेल्या क्षार-अणुभट्टीसाठी जी निकेलची मिश्रधातू वापरली, तीत क्रोमिअम जेमतेम ७ टक्के ठेवले होते. स्टेनलेस स्टीलमध्ये ते साधारण १८ टक्के असते. जे एका ठिकाणी राखणदार, तेच दुसरीकडे पहिला बळी. एवढे एक वाक्य धड्यात असते, तर संमिश्रीकरण हा पाठ करण्याचा उपाय न राहता विचार करण्याचा विषय झाला असता.

वर्गात क्षार वितळवण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. बर्फाच्या चुऱ्यात मीठ घालून तापमापी धरावी. मिश्रणाचा वितळणबिंदू खाली येतो, हे तेथेच दिसते.