चालतंय ना, मग घेत का नाही?

आमच्या लॅबच्या कोपऱ्यात विंडोज ७ चा एक कॉम्प्युटर आहे. त्याला नेटवर्क लावायचं नाही, अपडेट करायचं नाही, शक्यतो बंदही करायचं नाही. कारण मायक्रोस्कोपवरचा कॅमेरा फक्त त्याच्याशीच बोलतो. कॅमेरा ठणठणीत आहे, पण ड्रायव्हर लिहिणाऱ्या कंपनीने केव्हाच हात वर केलेत. तुमच्याही लॅबमध्ये असा एखादा म्हातारा असेलच.

तो डोळ्यासमोर ठेवून आज एका नकाराबद्दल लिहितोय. एएमडी कंपनीने आपल्या ग्राफिक्स कार्डांसाठी नवा डिस्प्ले ड्रायव्हर लिहिला. आधी त्याचं नाव डाल होतं, मग डीसी झालं. सुमारे लाखभर ओळींचा हा कोड त्यांनी लिनक्सला देऊ केला. मोकळ्या लायसन्सखाली, चालता कोड. डिसेंबर २०१६ मध्ये लिनक्सच्या ग्राफिक्स विभागाचे मेन्टेनर डेव्ह एअरली यांनी जाहीरपणे सांगितलं, की या रूपात हे घेता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, काय हा माज! इतकी वर्षं आपण ओरडतोय की कंपन्या ड्रायव्हर खुले करत नाहीत. एकाने केला, तर दारातून परत?

म्हणून आधी एएमडीची बाजू. नवी चिप बाजारात यायच्या कितीतरी आधीपासून डिस्प्लेचा कोड तिच्यावर तपासला जातो. विंडोजसाठी एक टीम आणि लिनक्ससाठी दुसरी, असं करणं परवडत नाही. म्हणून त्यांनी गाभा एकच ठेवला आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमशी जोडणारा पातळ थर वेगळा लिहिला. याला हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन लेयर म्हणतात. कंपनीच्या खुर्चीत बसून पाहिलं तर हे अगदी शहाणपणाचं आहे.

आता कर्नलच्या खुर्चीत बसा. लिनक्सच्या कर्नलमध्ये आतले इंटरफेस कायमचे नसतात, सोयीनुसार बदलतात. नियम असा, की जो बदलेल त्यानेच तो इंटरफेस वापरणारे सगळे ड्रायव्हर त्याच दमात दुरुस्त करायचे. इंटेलचा, एएमडीचा, एखाद्या मोबाईल चिपचा, सगळे. हे जमतं ते सगळे ड्रायव्हर एकाच बोलीत लिहिलेले असतात म्हणून. स्क्रीनवरच्या प्रतिमेचे थर, ते जोडून बाहेर पाठवणारा भाग, मॉनिटरची जोडणी, या सगळ्याला कर्नलमध्ये ठरलेली नावं आणि ठरलेल्या रचना आहेत. डीसीने त्याच गोष्टींसाठी आपल्या रचना आणल्या. मॉनिटरशी गप्पा मारायची आयटूसीची व्यवस्था कर्नलमध्ये होतीच, यांनी स्वतःची वेगळी आणली. म्हणजे बाहेरच्या माणसाला एक छोटी दुरुस्ती करायची तर आधी एएमडीची घरची बोली शिकावी लागणार. आणि उद्या कंपनीचं लक्ष उडालं तर? तोच आमचा कोपऱ्यातला म्हातारा, फक्त या वेळी सोर्स कोडसकट.

म्हणून मला वाटतं नकार योग्य होता. नव्या ड्रायव्हरचं परीक्षण करताना ‘चालतो का’ हा सगळ्यात सोपा प्रश्न. तो लिहिणारा निघून गेल्यावर दुसऱ्या कुणाला त्यात हात घालता येईल का, हा खरा प्रश्न.

पण या नकाराची किंमत होती, आणि ती एअरलींनी मोजली नाही, एएमडीनेही मोजली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हेगा कार्डं आली. मूळ कर्नलमध्ये ती गणितं करू शकत होती, पण स्क्रीन लावता येत नव्हता! डीसी शेवटी आत आलं लिनक्स ४.१५ मध्ये, जानेवारी २०१८ ला. तोवर ज्यांनी पैसे टाकून कार्ड घेतलं ते वेगळे पॅच शोधत बसले. पहिला मसुदा फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढे आला तेव्हाही मोठे आक्षेप आले होते. कंपनीने बंद दाराआड घर बांधायचं आणि मग वास्तुशांतीला नकाशा दाखवायचा, ही सवय मला जास्त दोषी वाटते. थीसिस पूर्ण लिहून झाल्यावर गाइडला पहिल्यांदा दाखवणारे आपल्यातही आहेत.

काही गोष्टी परीक्षणातून निसटल्याच. लाखभर ओळी ओळीने कुणी वाचत नाही, वाचू शकतच नाही. तपासला गेला तो आराखडा. गाभा आणि कर्नल यांच्यामधला दुवा आजही वेगळ्या फोल्डरमध्ये नांदतोय, तेव्हा तो थर पूर्ण गेला असं समजू नका. जो बारीक झाला, आणि कर्नलच्या रचनांशी नीट बोलायला लागला, तेवढंच.

फायदा कुठे झाला ते बघा. मॉनिटरचा वेग गेमच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त करायची सोय, फ्रीसिंक, लिनक्स ५.० मध्ये २०१९ ला आली. ती एएमडीने आपल्या घरात न ठेवता ग्राफिक्स विभागाच्या सामायिक भागात घातली. पुढे इंटेलच्या ड्रायव्हरनेही तीच सोय वापरली.

आणि एक गंमत. कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांची गणितं शक्यतो टाळतात. पण हार्डवेअरवाल्यांची बँडविड्थची सूत्रं त्यातच येतात, आणि डीसीने ती तशीच आणली. त्यामुळे काही नव्या चिपांचा डिस्प्ले सुरुवातीला फक्त एक्स८६ प्रोसेसरवर चालायचा. ही अडचण नीट सुटायला २०२४ उजाडलं. लिनक्स ६.१० मध्ये या गणितांसाठी सगळ्या प्रोसेसरांना चालेल असा एकच इंटरफेस आला, आणि डीसीचा कोड त्यावर नेला गेला. हे काम करणारा माणूस एएमडीचा नव्हता. त्याला रिस्क-५ प्रोसेसरच्या मशीनवर एएमडीचं कार्ड चालवायचं होतं.