काळ्या रेघांच्या मोहात स्पिटफायर

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या मोठ्या प्रतिकृती आज जितक्या सुबक बनतात, तितक्या पूर्वी कधीच बनत नव्हत्या. तरीही प्रदर्शनाच्या टेबलावर ओळीनं मांडलेली स्पिटफायर पाहिली, की सगळी एकाच हाताखालून गेल्यासारखी वाटतात. भाग नेमके झाले, अवजारं आली, माहिती मुबलक झाली. पण करणाऱ्याची नजर खऱ्या विमानावरून ढळून दुसऱ्याच्या मॉडेलवर गेली. या कलेचं आजचं दुखणं हेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९७० साली ब्रिटनच्या एअरफिक्सनं १/२४ प्रमाणातलं स्पिटफायर बाजारात आणलं. खऱ्या विमानाच्या पंखांची एकूण लांबी ११.२३ मीटर, या प्रमाणात ती ४७ सेंटिमीटरच्या आसपास येते. एवढं मोठं विमान नीट जुळवणं हीच तेव्हा परीक्षा होती. फटीत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरनं घासायचं, आणि घासताना पुसलेलं बारीक काम पुन्हा कोरायचं. २००९ साली जपानच्या तामियानं १/३२ प्रमाणात स्पिटफायर मार्क ९ काढलं आणि ही परीक्षा जवळजवळ संपली. त्यात इंजिनावरची झाकणं इवल्या चुंबकांनी घट्ट बसतात. पाठोपाठ क्योटोच्या झोकेई-मुरानं ‘शिंदेन’ हे जपानी विमान आतल्या सांगाड्यासकट दिलं. न्यूझीलंडमध्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी उभी केलेली विंगनट विंग्ज पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे किट काढायची. २०२० साली ती बंद पडली, त्याची हळहळ अजून ऐकू येते, आणि ती रास्त आहे. तिच्या पुस्तिकांत जुळणीच्या आकृत्यांसोबत मूळ विमानांची जुनी छायाचित्रं असत. भाग जोडता जोडता डोळा खऱ्या विमानाकडे वळे.

कॉकपिटबद्दल फार तक्रार करण्यासारखं राहिलेलं नाही. कोरीव पितळी पट्टे, थ्रीडी प्रिंटिंगचे घड्याळफलक यांमुळे पूर्वी महिनाभर खाणारं काम आता एका संध्याकाळी होतं. तरी एक गोष्ट सांगतोच. स्पिटफायरच्या डाव्या बाजूच्या छोट्या दारावर आतून एक पहार अडकवलेली असते. अपघातात काचेचं झाकण अडकलं तर ते तोडायला. असंख्य मॉडेलांवर ती लालभडक रंगवलेली दिसते. संग्रहालयातल्या, युद्धानंतर डागडुजी झालेल्या विमानांत ती तशी असते खरी, पण युद्धकाळात ती बहुधा लाल नसे.

खरा घोटाळा पृष्ठभागावर आहे. पत्र्यांच्या जोडरेघांत काळा पातळ रंग सोडून त्या उठावदार करायच्या, हा आजचा रिवाज. हिशेब करून पाहा. मॉडेलवरची रेघ ०.३ मिलिमीटर रुंद असेल, तर १/३२ प्रमाणात ती खऱ्या विमानावर जवळजवळ एक सेंटिमीटर रुंद भेग होते. अशी भेग घेऊन कुठलं विमान उडालं असतं? मस्टँग या लढाऊ विमानाच्या पंखाचा पुढचा भाग तर कारखान्यातच लांबी भरून, घासून, रंगवून गुळगुळीत केला जाई, हवेचा प्रवाह पंखाला धरून राहावा म्हणून. मॉस्किटो लाकडी विमान. बाल्सा आणि बर्च प्लायवुडचं अंग, वरून मदापोलम सुती कापड ताणून चिकटवलेलं, त्यावर रंग. तरीही १/३२ आणि १/२४ मधल्या मॉस्किटोंवर पत्र्याचे जोड असावेत तशा काळ्या रेघा ओढलेल्या पाहिल्या आहेत. हात कुशल असतो, रेघ कुठेही थरथरलेली नसते, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

झीज दाखवण्याचंही तेच. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढलेली कित्येक विमानं काही आठवड्यांतच पडली किंवा निकामी झाली. त्यांचा रंग उन्हानं पांढुरका पडायला वेळच कुठे होता? पंखातल्या मशीनगनची तोंडं लाल कापडी तुकड्यांनी बंद केलेली असत. गोळी सुटली की तुकडा फाटे. आता मॉडेलवर तुकडे अखंड आणि मागे पंखाखाली काजळीचे फराटे, असं असेल तर ते विमान लढून आलं की अजून निघायचं आहे? हा प्रश्न रंग लावण्याआधी पडायला हवा. याउलट डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथे वैमानिक आणि मेकॅनिक रोज पाय देत, तिथला रंग झिजलेला दाखवणं अगदी योग्य.

चांगलं काम होतच नाही असं मुळीच नाही. रिवेटांच्या मधला पत्रा ताणानं किंचित खोल-उंच होतो. हे हलकंसं लहरणं प्लॅस्टिक घासून उतरवणारे कारागीर आज आहेत. प्रकाश तिरपा पडला की पंख धातूचा वाटतो, एकही काळी रेघ न ओढता. एक मिलिमीटर जाडीचा खरा पत्रा १/३२ मध्ये ०.०३ मिलिमीटर होतो, म्हणून उघडी झाकणं ते फॉइलमधून कापून घेतात. या मंडळींसमोर मी हात जोडतो.

आपल्याकडे मॉडेल करणाऱ्यांना विषयांची वाण नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नाव ‘सिटी ऑफ बॉम्बे’ होतं आणि ती स्पिटफायर उडवत असे. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची एक नंबर स्क्वाड्रन हरिकेन विमानांवर लढली. त्या आघाडीवर विमानावरच्या ओळखचिन्हाच्या वर्तुळांमधला लाल ठिपका काढून टाकला होता, जपानी विमानांशी गल्लत होऊ नये म्हणून. पावसाचा चिखल, बर्मा सीमेवरचं ऊन, मागच्या अंगावरचं ताणलेलं कापड: हरिकेनवर दाखवण्यासारखं इतकं काही आहे.

स्पर्धांच्या परीक्षकांना माझी विनंती आहे. प्रत्येक मॉडेलसोबत त्याच विमानाचं, निदान त्याच स्क्वाड्रनच्या विमानाचं, त्या काळातलं छायाचित्र मागा. ते शेजारी ठेवा, आणि मगच गुण द्या.