दगडावरील नाव आणि हयातीचा दाखला

स्मारक हा दगडावर कोरलेला मजकूर असतो. त्याला लेखक असतो, त्याचा एक वाचक गृहीत धरलेला असतो, आणि काय सांगायचे व काय गाळायचे याची निवडही त्यात झालेली असते. म्हणून स्मारकाची समीक्षा करता येते, आणि ती केली पाहिजे. सैनिकाविषयी आपल्या समाजात तीन प्रकारचा मजकूर लिहिला गेला आहे. पहिला दगडावरचा, दुसरा अर्जाचा आणि तिसरा सरकारी नमुन्याचा. या तिन्हींपैकी आपण फक्त पहिल्याचे गुणगान केले. दुसरा संशोधकांच्या हवाली केला, आणि तिसरा तर साहित्यविचाराच्या कक्षेत कधी आणलाच नाही. या वाचनातील असमतोलाविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

मी अंबरनाथ पूर्वेला राहतो. माझ्या या परिसराचा लष्कराशी असलेला संबंध मोठा चमत्कारिक आहे. शेजारचे उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीवर वसलेले शहर आहे. फाळणीनंतर या छावणीच्या बराकीत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. आजही लोक ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. छावणी बोलीत शिल्लक राहिली, छावणीतला शिपाई मात्र कोठेच राहिला नाही. त्या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी माणसे सैन्यात होती. युद्ध संपल्यावर त्यांतील फार मोठा भाग घरी पाठविण्यात आला. अंबरनाथमध्ये स्वातंत्र्यानंतर दारूगोळ्याशी निगडित आयुध निर्माणी उभी राहिली. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती ‘यंत्र इंडिया’ या सरकारी कंपनीकडे गेली. पूर्वेच्या शिवमंदिरातील शके ९८२चा शिलालेख शिलाहार राजाचे नाव हजार वर्षे सांभाळून आहे. छावणीतल्या शिपायाचे नाव सांभाळायला मात्र ऐंशी वर्षेही कोणी उभे राहिले नाही.

आता पहिला मजकूर पाहू. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे लढाई झाली आणि ईस्ट इंडिया कंपनीने तेथे स्तंभ उभारला. हा स्तंभ कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला, आपल्या मुक्तीसाठी नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्यावरील मजकुराचा नायक कॅप्टन स्टाँटन आहे. तरीही त्या नामावलीत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत, आणि ज्या माणसांची नावे गावाच्या दप्तरात केवळ वेठीच्या यादीत येत होती, त्यांची नावे तेथे सन्मानाने कोरली गेली. या २२ नावांचे मोल कोणीही नाकारू शकणार नाही.

परंतु आपल्या जलशांनी आणि भाषणांनी या नामावलीवर एक गणित चढवले: पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार. कंपनीच्या तुकडीत सारेच महार नव्हते, पेशव्यांच्या बाजूने अरबही लढले, आणि पेशव्यांचे सारे सैन्य प्रत्यक्ष लढाईत उतरले नव्हते, हे त्या गणितात मावत नाही. मला या गाण्यांचा राग नाही. दडपलेल्या समाजाला अभिमानाची भूक असते आणि ती गाण्यातच प्रथम भागते. प्रश्न असा आहे की, गणित मोठे करण्याच्या नादात आपण नावांची यादी वाचायची सोडून दिली. त्या २२ जणांच्या बायकामुलांचे पुढे काय झाले, हे आपल्या किती गाण्यांनी विचारले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले ते युद्धपूजेसाठी नव्हे. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. ज्यांच्या बळावर राज्य मिळविले त्यांनाच राज्य स्थिरावल्यावर सैन्यातून बाहेर काढले, ही कृतघ्नता आहे, असा तो दावा होता. म्हणजे बाबासाहेबांनी स्तंभ पावतीसारखा वाचला. आपण तो मूर्तीसारखा वाचू लागलो. पावती घेऊन माणूस येणे वसूल करायला जातो, मूर्तीपुढे तो फक्त हात जोडतो.

आता दुसरा मजकूर. १८९०नंतरच्या काही वर्षांत ‘लढाऊ जाती’च्या धोरणाखाली महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. तेव्हा दापोलीत राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४मध्ये मुंबई इलाख्याच्या सरसेनापतीसाठी विनंतीपत्र तयार केले. आम्ही मूळचे क्षत्रिय, दुष्काळाने व परिस्थितीने खाली ढकललो गेलो, असा त्याचा युक्तिवाद आहे. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी थेट भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज केला. त्यात सैन्य, पोलीस व सरकारी नोकरीतील अगदी खालच्या जागा तरी खुल्या कराव्यात, अशी मागणी होती. मात्र तिचा मुख्य आधार कुळाचा नव्हता. आम्ही सेवा केली आहे, आम्ही प्रजाजन आहोत, आम्हीही माणसे आहोत, हा तो आधार होता.

सोळा वर्षांच्या अंतराने लिहिलेले हे दोन अर्ज शेजारी ठेवून वाचले म्हणजे आपल्या जाणिवेचा प्रवास स्पष्ट होतो. पहिल्यात अर्जदार स्वतःची शुद्धता सिद्ध करतो आहे, म्हणजे ज्या वर्णव्यवस्थेने त्याला नाकारले तिच्याच न्यायालयात तो उभा आहे. दुसऱ्यात तो ते न्यायालय बदलतो. दलित साहित्यातील नकाराचा उगम आपण १९६०नंतरच्या कवितेत शोधतो. तो शोध चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्या नकाराची एक मुळी या अर्जांच्या गद्यात आहे, आणि या गद्याचे पहिले लेखक निवृत्त शिपाई होते.

ते शिपाईच का होते? याचे उत्तर कर्तृत्वाच्या गौरवात नसून व्यवस्थेत आहे. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे. निवृत्तीनंतर पेन्शन मिळे. पेन्शन म्हणजे गावच्या बलुत्यावर अवलंबून नसलेला पैसा. तो पाटलाच्या मर्जीने येत नव्हता आणि पाटलाच्या रागाने बंदही होत नव्हता. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर दापोलीला राहिले. तेथे अशा पेन्शनरांची वस्तीच होती. पुढे मुंबईत मुलाच्या पुस्तकांसाठी त्यांनी लेकींचे दागिने गहाण ठेवले आणि पेन्शन हातात आल्यावर ते सोडवले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. आपण ती बापाच्या मायेची गोष्ट म्हणून सांगतो. ती तशी आहेच. परंतु सावकाराला ते दागिने परत द्यावे लागले ते पेन्शनच्या बळावर, हेही त्याच गोष्टीत आहे. मी तर असे म्हणेन की, आपल्या चळवळीची पहिली वर्गणी पेन्शनच्या पैशातून आली. भरती बंद झाली तेव्हा केवळ नोकरी गेली नाही. शिक्षण, फुरसत आणि निर्भयता देणारा एकमेव रोख आधार गेला. पहिल्या महायुद्धात १९१७ला उभी केलेली १११वी महार पलटण १९२१मध्ये मोडण्यात आली, तेव्हा हेच पुन्हा घडले. १९४१मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता, तो याच अनुभवातून.

म्हणून माजी सैनिकांवरील सरकारी खर्च हा आपल्या दृष्टीने दयेचा विषय नाही. येथे तिसऱ्या मजकुराकडे वळले पाहिजे, आणि हा मजकूर आजचा आहे.

दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. त्याचा खर्च सुमारे १७६ कोटी रुपये सांगितला जातो. स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे आहेत. प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र विटेसारखी शिळा आहे. जनरलची मोठी आणि शिपायाची लहान असा भेद नाही. ही समता मी मनापासून मान्य करतो. गावच्या स्मशानातही जी समता नाही ती तेथे आहे.

परंतु ती मरणोत्तर आहे. जिवंत माजी सैनिकासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची जी मदत आहे तिचे एक नाव ‘पेन्युरी ग्रँट’, म्हणजे दारिद्र्य अनुदान. हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याचा, ६५ वर्षांवरील, पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांच्यासाठी ती आहे. जवानाला पेन्शन साधारणपणे १५ वर्षांच्या सेवेनंतर मिळते. त्याआधी घरी पाठविलेल्याच्या वाट्याला हा अर्ज येतो. ही रक्कम दरमहा ४,००० रुपये होती, २०२५च्या नोव्हेंबरपासून ती ८,००० करण्यात आली. वाढीचे स्वागतच आहे. पण हा पैसा येतो कोठून? ध्वजदिन निधीतून. १९४९पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. शाळांत, कार्यालयांत छोटे ध्वज वाटून निधी जमविला जातो, जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्ट दिले जाते. म्हणजे दगडाचा पैसा अंदाजपत्रकातून येतो आणि भाकरीचा पैसा वर्गणीतून. एक राष्ट्राचे कर्तव्य ठरते, दुसरे नागरिकांचे पुण्य. साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर, स्मारकाच्या वाक्यात राष्ट्र हा कर्ता आहे. अनुदानाच्या नमुन्यात अर्जदार कर्ता आहे, आणि त्याचे क्रियापद ‘विनंती करतो’ हे आहे. १८९४पासून आजपर्यंत हे क्रियापद बदललेले नाही.

पेन्शन असलेल्याची कथाही वाचण्यासारखी आहे. आमच्या आळीत एका सैनिकाची वृद्ध विधवा राहते. वर्षातून एकदा तिला ती जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे झिजलेले, त्यामुळे यंत्र तिला ओळखत नाही. एका वर्षी मी तिच्याबरोबर गेलो होतो. तेथील माणूस म्हणाला, “आजी, तुम्ही आहात हे मला दिसतंय, पण मशीनला दिसत नाही.” तो चांगला माणूस होता, त्याने शेवटी काम केलेही. तथापि, नवऱ्याचे मरण राज्याने एकदाच आणि विनाशंका मान्य केले, हिचे जगणे मात्र ते दरवर्षी नव्याने तपासते. संरक्षण पेन्शनच्या नव्या संगणकीय व्यवस्थेचे नाव इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘स्पर्श’ असे ठेवले आहे. ते ठेवणाऱ्याच्या मनात आपला इतिहास नसणार. पण आपल्या वाचकाला तो शब्द वाचताना काय आठवेल, हे मी सांगण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, महार रेजिमेंटमध्ये आज सर्व जातींचे जवान आहेत, जनरल कृष्ण राव व जनरल सुंदरजी हे लष्करप्रमुख तिच्यातूनच आले, मग हा प्रश्न दलितांचा कसा? माझे उत्तर असे की, सैन्यात खालच्या हुद्द्यावर कोण जातो आणि निवृत्तीनंतर ज्याच्याकडे शेत नाही, दुकान नाही, असा कोण परत येतो, हे पाहिले म्हणजे प्रश्न कोणाचा आहे ते कळते. बदलापूर-अंबरनाथच्या कारखान्यांच्या फाटकावर रात्रपाळी करणारे कित्येक सुरक्षारक्षक माजी जवान आहेत. जमीनदाराच्या मुलाला निवृत्तीनंतर गाव असते. भूमिहीनाच्या मुलाला फाटक असते.

आणि हा प्रश्न मागचा नाही, पुढचा आहे. जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केले जाईल, उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी मिळेल, पेन्शन नाही. एकरकमी पैसा घर बांधण्यात, बहिणीच्या लग्नात, कर्जफेडीत जातो. महिन्याला येणारा पैसा मुलाला शिकवतो. रामजींना चार वर्षांनी एकरकमी पैसे देऊन घरी पाठविले असते तर त्या दागिन्यांचे काय झाले असते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने वर्गात करायला लावावा.

१ जानेवारी २०१८ला कोरेगाव परिसरात जे घडले त्यानंतर दरवर्षी तेथे शासनाचा मोठा बंदोबस्त असतो. बसगाड्या, पाणी, आरोग्यपथके असतात. ही सोय हवीच, लाखो लोक येतात. पण शासनाने स्मरणाची सोय केली म्हणजे त्याचे देणे फिटले, असे आपण मानू लागलो तर तो आपल्याच वाचनाचा पराभव ठरेल.

मागणी साधी आहे. पेन्शन नसलेल्या वृद्ध सैनिकाची आणि त्याच्या विधवेची मदत अंदाजपत्रकात हक्क म्हणून यावी. ध्वजदिनाची वर्गणी वर राहिली तर राहू द्यावी. दुसरी मागणी आपल्या लेखकांकडे आहे. आपल्या आत्मकथनांत सैनिक येतो तो बहुधा भिंतीवरच्या फोटोतून. त्या फोटोखालच्या पेटीत डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचे पुस्तक असते, कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या अर्जाची प्रत असते. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतले हे कागद मालकाच्या संमतीने उतरवून घ्यावेत, त्यांतील भाषा अभ्यासावी. वलंगकरांचे आणि कांबळे यांचे अर्ज मराठीच्या अभ्यासक्रमात गद्याचे नमुने म्हणून लावावेत. १ जानेवारीला स्तंभापाशी जाणाऱ्याने जरूर जावे, पण जाण्याआधी आपल्या आळीतील कोणा सैनिकाच्या विधवेचा हयातीचा दाखला वेळेत पोचला की नाही, हे विचारून जावे.